पंखा वर घ्या : प्राणहितेचे खडक आणि तेलातला बुडबुडा

अहेरी तालुक्यात प्राणहिता नदीकाठी देवलमरी नावाचं गाव आहे. आज गडचिरोली जिल्ह्याबाहेर हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. पण १८६०च्या दशकात मद्रास, कलकत्ता आणि लंडनच्या सरकारी कागदांत ते पुन्हा पुन्हा येत होतं. त्या कागदांना गावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी देवलमरी म्हणजे ‘तिसरा अडथळा’.

गोदावरीच्या मुखाकडून आगबोट वर चढवायची ठरवली, तर तीन ठिकाणी खडकांचे लांबलचक पट्टे आडवे येत. पहिला भद्राचलमच्या वरच्या अंगाला, दुम्मागुडेमजवळ. दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या थोडं खाली, इंचमपल्लीला. आणि तिसरा प्राणहितेच्या पात्रात, देवलमरीला. हे तीन अडथळे पार केले की वर्धा नदीतून थेट कापसाच्या मुलखात जाता येईल, असा हिशेब होता.

हा हिशेब का चुकला, उथळ पाण्याचा प्रश्न पुढे जगाने कसा सोडवला, आणि आज त्या उत्तराचा जीव तेलातल्या एका बुडबुड्यावर कसा येऊन अडकतो, त्याची ही गोष्ट आहे.

नदी सरळ करायचा बेत

सर आर्थर कॉटन हे नाव आंध्रात आजही आदराने घेतलं जातं. राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला गोदावरीवर त्याने बांधलेला बंधारा १८५२ साली पूर्ण झाला आणि खालचा त्रिभुज प्रदेश हिरवागार झाला. कॉटनला रेल्वेचं कौतुक नव्हतं. भारतात माल वाहायला पाणी स्वस्त, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. खालच्या गोदावरीवर कालवे झाले, बोटी फिरू लागल्या, तेव्हा त्याची नजर वरच्या गोदावरीकडे गेली. फेलिक्स हेग या मद्रासच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने १८५०च्या दशकात नदीची पाहणी केली. अडथळ्यांपाशी बंधारे आणि बाजूने कालवे बांधायचे, कालव्यांना लॉक म्हणजे पाण्याच्या पायऱ्या करायच्या आणि बोट एकेक पायरी वर चढवायची, असा तो बेत होता.

बेताला पैसा आणि जोर मिळाला तो कापसामुळे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी १८५७ मध्ये ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ स्थापन केली होती. अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेल्या कापसावर फार काळ विसंबता येणार नाही, हे त्यांना दिसत होतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला आणि हिंगणघाटचा कापूस एकदम सोन्याच्या भावाचा झाला. हिंगणघाट वर्धेच्या खोऱ्यात. वर्धेला वैनगंगा मिळते आणि प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, गोदावरी समुद्रात. नकाशावर बोट फिरवली की काकीनाड्याचं बंदर येतं. इतका सोपा रस्ता!

त्यासाठी मुलूखही हाती घेतला गेला. १८६०च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांना दिले आणि नदीवरची जकातही सोडली. त्या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचं मुख्यालय. आज गडचिरोलीहून सिरोंच्याला जायला अर्धा दिवस मोडतो. तेव्हा मात्र मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या गावाकडे भावी व्यापारी रस्त्यावरचा टप्पा म्हणून पाहत होता.

नदीने काही ते मानलं नाही. पावसाळ्यात पाणी इतकं की बंधाऱ्याचं काम करता येत नाही. उन्हाळ्यात इतकं कमी की बोट चालत नाही. मधल्या थंडीच्या महिन्यांत काम करावं तर जंगलातला ताप आणि मजुरांचा तुटवडा. दुम्मागुडेमचा बंधारा आणि कालवा उभा राहिला. वरच्या दोन अडथळ्यांची कामं रखडत राहिली. दरम्यान अमेरिकेतलं युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. हिंगणघाटच्या कापसाला आता पश्चिमेकडचा रस्ता मिळाला होता. १८७१ मध्ये सरकारने वरच्या गोदावरीचं काम बंद केलं. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आलं. चांद्याचं पुढे चंद्रपूर झालं आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला.

देवलमरीचे खडक जागच्या जागी राहिले.

बांबूला पाणी कळतं

आगबोटीचं स्वप्न विरलं म्हणून नदीवरची ये-जा थांबली नाही. ती आधीपासून चालू होती, डोंग्यांवर. एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरलेला अरुंद, लांब डोंगा इथल्या सगळ्या नद्यांवर दिसतो. चालवणारा मागे उभा राहतो आणि हातातल्या लांब बांबूने तळाला रेटा देतो. पाणी खोल असेल तर वल्हं.

इंजिनिअरच्या नजरेने या डोंग्याकडे पाहिलं की दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, तो पाण्यात फार थोडा बुडतो. दुसरी, त्याला ढकलणारं साधन कायम माणसाच्या हातात असतं. बांबू खडकाला लागला तर हाताला कळतं आणि हात तो उचलतो. वेगळी यंत्रणा लागत नाही. पाणी किती, तळ कसला, धार कुठे, हे सगळं बांबूच सांगतो.

यंत्राने बोट ढकलायची ठरवलं की नेमकी हीच सोय जाते. पंखा बोटीच्या तळाखाली लावावा लागतो, तरच तो पाणी पकडतो. म्हणजे बोटीचा सगळ्यात नाजूक आणि महाग भाग सगळ्यात खोल जातो. समुद्रात याचं काही वाटत नाही. प्राणहितेत मात्र पंखा हा खडक शोधायचा सगळ्यात महागडा मार्ग ठरतो.

कॉटन आणि हेगचं उत्तर होतं : नदी बदला. बंधारे बांधा, पाणी खोल करा. दुसरं उत्तर पुढे जगभर वेगवेगळ्या लोकांनी शोधलं : नदीला हात लावू नका, पंखा उचला. थायलंडच्या कालव्यांत लांब दांड्यावर बसवलेला पंखा चालवणारा हाताने सहज वर काढतो. आपल्या डोंगेवाल्याला ते पाहून लगेच ओळख पटेल. न्यूझीलंडमध्ये बिल हॅमिल्टन या शेतकरी-इंजिनिअरने १९५०च्या दशकात पंखाच काढून टाकला आणि पाणी आत ओढून मागे झोताने फेकणारी जेट बोट बनवली, कारण त्याच्या भागातल्या नद्या पसरट आणि गोट्यांच्या होत्या. पण जगात सगळ्यात जास्त पसरलं ते तिसरं उत्तर. बोटीच्या मागच्या फळीवर टांगलेलं इंजिन.

फळीवर टांगलेलं इंजिन

आउटबोर्ड मोटर म्हणजे इंजिन, दांडा आणि पंखा हे सगळं एकाच तुकड्यात बनवून बोटीच्या बाहेर, मागच्या फळीला पकडवलेलं यंत्र. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असं यंत्र बाजारात आणलं. मिल्वॉकीच्या ओल एविनरुडने १९०९ पासून ते विकायला सुरुवात केली आणि मग ते घरोघरी पोहोचलं. एविनरुड नॉर्वेतून आलेला स्थलांतरित आणि हाडाचा मिस्त्री. फळीवर बिजागरीसारखं लटकवलेलं असल्यामुळे या इंजिनाला वरदान मिळालं : ते मागे कलवून पाण्याबाहेर काढता येतं. समोरून खडकाला धडकलं तर स्वतःच उसळून वर येतं.

आपल्याकडे ही इंजिनं कोकणच्या किनाऱ्यावर लहान मासेमारी बोटींना दिसतात. पूर्व विदर्भात ती मुख्यतः बचाव पथकांबरोबर आली. पुराच्या बातम्यांत दिसणाऱ्या नारिंगी रबरी बोटी आणि त्यांच्या मागचं काळं किंवा करडं यंत्र, तेच हे. पथकातली माणसं त्याला नुसतं ‘ओबीएम’ म्हणतात.

लहान इंजिन माणूस हाताने उचलतो. रबरी बोटींवरची बरीच इंजिनं अशीच असतात. तिथे तेल नाही, म्हणून तेलातला बुडबुडाही नाही. पण अश्वशक्ती वाढली की वजन वाढतं, शंभर किलोच्या पुढे जातं, आणि वाहत्या पाण्यात ते हाताने उचलणं अशक्य होतं. तिथे बटण लागतं. बटणामागे असतं हायड्रॉलिक्स.

एक बटण आणि साडेतीनशे वर्षं

ब्लेझ पास्कल १६६२ मध्ये वारला. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, ही त्यातली गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे. ती कामाला लावायला सव्वाशे वर्षं गेली. कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. बारीक नळीत थोडा जोर, जाड नळीत प्रचंड जोर. आज जेसीबीचा हात, ट्रॅक्टरची लिफ्ट, टिप्परची ट्रॉली आणि तुमच्या बाइकचा डिस्क ब्रेक हे सगळे या घराण्यातले.

बोटींच्या जगात ही युक्ती दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटाने इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय बाहेर अशी रचना बाजारात आणली. तो पायही वर कलता येत असे. पुढच्या काही दशकांत मोठ्या आउटबोर्ड इंजिनांवर इंजिन उचलणारं हायड्रॉलिक नेहमीचं झालं. त्याला म्हणतात ‘पॉवर ट्रिम’.

आत काय असतं? बारा व्होल्टची एक छोटी मोटर, दोन्ही दिशांना फिरणारी. तिच्याखाली छोटा गिअर पंप. शेजारी तेलाची टाकी, जेमतेम एका फुलपात्रात मावेल एवढ्या तेलाची. आणि एक किंवा अधिक सिलिंडर, त्यांत दट्ट्या. वरचं बटण दाबलं की पंप तेल दट्ट्याच्या खाली ढकलतो, इंजिन वर येतं. खालचं बटण दाबलं की मोटर उलटी फिरते, तेल दट्ट्याच्या वरच्या बाजूला जातं, इंजिन खाली येतं.

यात दोन कामं आहेत. पहिले काही अंश ‘ट्रिम’चे. धावताना पंख्याचा कोन थोडा बदलायचा, म्हणजे बोटीचं नाक हवं तेवढं वर राहतं. त्यापुढचं ‘टिल्ट’. इंजिन पुरतं मागे कलवून पंखा पाण्याबाहेर. शिवाय आत एक झडप असते, धक्क्यासाठी. वेगात पंख्याचा पाय बुडालेल्या ओंडक्याला किंवा दगडाला लागला, तर ही झडप क्षणात तेलाला वाट देते आणि इंजिन उसळून वर येतं. हात खडक ओळखून बांबू उचलतो, तेच काम इथे एक स्प्रिंग आणि एक गोळी करते.

हे सगळं एका गृहीतावर उभं आहे : तेल दबत नाही.

‘एअर घेतली’

शेतात डिझेल पंप चालवलेल्या कुठल्याही घरात एक वाक्य ऐकायला मिळतं : ‘इंजिनाने एअर घेतली.’ डिझेल संपेपर्यंत इंजिन चालवलं की नळीत हवा शिरते, मग कितीही हँडल मारा, ते चालू होत नाही. पान्याने नट थोडा सैल करायचा, हाताने पंप करायचा, फेसाळ डिझेल बाहेर येऊ द्यायचं आणि स्वच्छ धार आली की नट आवळायचा. दहा वर्षांच्या पोरालाही हे येतं. बाइकच्या डिस्क ब्रेकचं लिव्हर स्पंजासारखं दाबलं जाऊ लागलं की गॅरेजवालाही हेच करतो.

बोटीच्या ट्रिमचा आजार याच जातीचा आहे. आकडे पाहिले की तो किती गंभीर आहे ते कळतं. समजा, आतला दाब वातावरणाच्या शंभरपट झाला. अशा दाबाखाली हायड्रॉलिक तेलाचं आकारमान एक टक्क्याहूनही कमी घटतं. हवेचं मात्र, तापमान तेच राहिलं तर, शंभरावा भाग होतं. हे रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्येच सांगून ठेवलंय, पास्कल गेला त्याच वर्षी. म्हणजे पंपाने ढकललेलं तेल दट्ट्याला उचलण्याआधी बुडबुड्याला चेपण्यात खर्च होतं. आणि चेपलेला बुडबुडा स्प्रिंगसारखा वागतो. लाट आली की इंजिन खालीवर डुलतं.

बाहेरून हे कसं दिसतं? इंजिन झटके देत वर चढतं. मोटरचा आवाज चिरका होतो, कारण पंप तेलाऐवजी फेस फिरवतोय. वर नेलेलं इंजिन जागेवर राहत नाही. टाकीचं झाकण उघडलं की तेलावर फेस दिसतो. तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आजार वेगळा : आत पाणी गेलंय. मग नुसती हवा काढून भागत नाही, तेल बदलावं लागतं आणि पाणी शिरलं कुठून ते शोधावं लागतं.

हवा शिरते कुठून? बहुतेक वेळा तेल कमी झाल्यामुळे. तेल कमी होतं गळतीमुळे आणि गळती होते सीलमुळे. दट्ट्याचा दांडा सिलिंडरमधून आतबाहेर करतो, तिथे रबराचं सील असतं. आपल्या नद्यांची वाळू त्या दांड्यावर बसते आणि दर फेरीत काचपेपरासारखी घासते. त्यात भर म्हणजे बोट वर्षातून आठ-दहा महिने शेडमध्ये नुसती उभी असते. उन्हाने रबर कडक होतं. यंत्र वापरून झिजतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. न वापरताही ते बिघडतं, हे लक्षात राहत नाही.

हवा काढायची कशी

काम अवघड नाही. घाई मात्र चालत नाही.

बोट सपाट जागी, बॅटरी भरलेली. इंजिन बटणाने पूर्ण वर न्यायचं. मग त्याचा लोखंडी टेकू लावायचा. हे विसरायचं नाही, कारण ज्या तेलावर विश्वास नाही म्हणून आपण काम करतोय, त्याच तेलावर शंभर-दीडशे किलोचं इंजिन तोलून त्याच्याखाली हात घालणं हा वेडेपणा आहे. बटणाने वर जातच नसेल तर सिलिंडरच्या बाजूला हाताने सोडायचा एक स्क्रू असतो. तो सैल केला की झडप उघडते आणि दोघा-तिघांनी मिळून इंजिन हाताने उचलता येतं. टेकू लावला की स्क्रू पुन्हा आवळायचा. पुरात बॅटरी बसली तर हाच स्क्रू कामाला येतो. बोटीवरच्या प्रत्येकाला तो कुठे आहे हे माहीत असायला हवं.

आता टाकीचं झाकण. ते इंजिन पूर्ण वर असतानाच उघडायचं. खाली असताना उघडलं तर दाबाखालचं तेल अंगावर उडू शकतं. आजूबाजूची वाळू आधी पुसून घ्यायची. तेल भोकाच्या काठापर्यंत हवं. कमी असेल तर कंपनीने सांगितलेलं तेलच भरायचं. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतायचं नाही, त्याने सील फुगतात. झाकण लावायचं, टेकू काढायचा आणि इंजिन पूर्ण खाली, पूर्ण वर, पूर्ण खाली, पूर्ण वर, असं चार-पाच वेळा करायचं. बऱ्याच ट्रिम यंत्रणांना हवा काढायचा वेगळा नट नसतो. तेल फिरतं तसं ते बुडबुड्यांना बरोबर घेऊन टाकीत येतं आणि तिथे हवा वर निघून जाते.

इथे थांबायचं. पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं. मग पुन्हा इंजिन वर, टेकू, झाकण, तेलाची पातळी. ती खाली गेलेली असते, कारण हवेने अडवलेली जागा आता तेलाने घेतली. पुन्हा भरायचं आणि पुन्हा फेऱ्या. पातळी हलेनाशी होईपर्यंत.

थांबायचं का, याचं उत्तर जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये दिलं. दाट द्रवात बारीक बुडबुडा किती वेगाने वर चढतो, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. व्यास निम्मा झाला की वेग पाव. फेसातले सूक्ष्म बुडबुडे म्हणूनच अगदी हळू वर येतात. घाईने सलग वीस वेळा बटण दाबणारा माणूस मोठे बुडबुडे फोडून बारीक करतो आणि काम आणखी लांबवतो. मोटर तापते ती वेगळीच. थोडं करून थोडं थांबणारा लवकर मोकळा होतो.

इतकं करूनही दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा खाली आली, तर हवा हे मूळ दुखणं नव्हतंच. सील किंवा ओ-रिंग गेली आहे. तिथे तेल ओतत राहणं म्हणजे भोक पडलेल्या रांजणात पाणी भरणं.

पुराच्या पाण्यातले खडक

पुरात तर पाणीच पाणी असतं, मग पंखा उचलायचा प्रश्न येतो कुठे, असं वाटेल. पुराचं पाणी नदीत खोल असतं. गावात आणि शेतात ते कमरेइतकं असतं. ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज वैनगंगेने वेढलेलं गाव आहे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वरून गोसीखुर्द धरणाचं पाणी आलं आणि वैनगंगाकाठची गावं बुडाली, तेव्हा लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा वेळी बोट धानाच्या बांध्यांवरून जाते. खाली धुरे असतात, कुंपणाची तार असते, बैलगाडीचा दांडा असतो. मधेच नाला लागतो, पाणी एकदम खोल आणि धार जोराची. म्हणजे पंखा दर काही मिनिटांनी वर आणि खाली. देवलमरीचे खडक निदान जागेवर होते. हे खडक दर पुरात नवे असतात.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम. २०१९च्या पावसाळ्यात हे गाव एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा पाण्यात गेलं आणि बाहेरच्या जगापासून तुटलं. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला असा पूर आला की भद्राचलमला पाणी ७१ फुटांवर गेलं आणि सिरोंचा तालुक्यातली गावं रिकामी करावी लागली. अशा धारेत वर नेलेलं इंजिन खाली यायला तयार नसेल, तर पंखा अर्धा हवेत फिरतो, नुसता ओरडतो आणि बोट पुलाच्या खांबाकडे वाहत जाते. उलट, वर नेलेलं इंजिन हळूहळू खाली बसत असेल, तर माणसं चढवायला काठाला लावलेल्या बोटीचा पंखा कुणाच्या नकळत चिखलात किंवा तारेत रुततो. चमचाभर हवा, आणि आत बसलेली आठ माणसं.

इथे एक जमेची बाजू आहे. आउटबोर्डचा मिस्त्री मालवणला सापडेल, भामरागडला नाही. पण ट्रॅक्टरचा आणि जेसीबीचा मिस्त्री आता तालुक्याच्या प्रत्येक गावाजवळ आहे. त्याला पास्कल ठाऊक नसेल, पण हायड्रॉलिकने हवा घेतली की आवाज कसा बदलतो, हे त्याचा कान सांगतो. ट्रिमचा पंप त्याच्यासाठी खेळण्यातल्या जेसीबीसारखा आहे. आजार जुना, फक्त यंत्र नवं.

मृगाच्या आधी

गोदावरीवरची मोठी स्वप्नं १८७१ मध्ये संपली नाहीत. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात १११ जलमार्गांची यादी आहे आणि तिच्यात वैनगंगा-प्राणहिताही आहे. सिरोंच्याजवळचं मेडीगड्डा बॅरेज जून २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. पुढे काय व्हायचं ते होईल. नदीकाठच्या माणसाला मात्र आज पलीकडे जायचंय. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा वैनगंगेत उलटला. त्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मजुरीला चालल्या होत्या. पूर नव्हता, पावसाळाही नव्हता. नदी अजूनही रोजच्या जाण्यायेण्याचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावरची साधनं कशी आहेत याची चौकशी सहसा कुणी बुडाल्यावरच होते.

इतिहासाला बंधाऱ्याचं भूमिपूजन आठवतं, कोनशिला आठवते. तेलाची पातळी कुणी, कधी पाहिली याची नोंद कुणी ठेवत नाही. कॉटनचा बेत मोडला तो कापसाच्या भावाने, रेल्वेने आणि तापाने. त्यात कुणा एकाचा हलगर्जीपणा नव्हता. बोटीचं तसं नाही. तिची काळजी एका दुपारची आहे आणि ती कुणाच्या तरी नावावर लिहिलेली असली पाहिजे.

आपल्याकडे शेतकरी मृग लागायच्या आधी ट्रॅक्टर, नांगर, पंप सगळं तपासून ठेवतो. बोटीलाही तोच मुहूर्त धरावा. मे महिन्याच्या एखाद्या संध्याकाळी इंजिन पूर्ण वर न्यावं, टेकू न लावता, आणि त्याच्याखाली कुणी जाणार नाही याची सोय करावी. इंजिन जिथे थांबलंय तिथे कंसावर खडूने एक रेघ मारावी. सकाळी येऊन पाहावं. रेघ जागेवर असेल तर बोट तयार आहे. इंजिन रेघेखाली उतरलं असेल, तर हवा काढायला, सील मागवायला आणि ते बसवायला पाऊस येईपर्यंत अजून वेळ आहे.